मेंदूचें चित्र आणि मुलाची वाटचाल



शरीराच्या बाहेरील अवयवास इजा झाली म्हणजे ती सर्वांस दिसते. हात मोडला तर तो गळ्यांत अडकवावा लागतो, पाय मुरगळला तर मनुष्य लंगडतो, आणि वर्गांतील मुलें न सांगतां त्याला वाट करून देतात. मेंदूची गोष्ट निराळी आहे. तो कवटीच्या भक्कम पेटींत बंद असतो. त्यास सूज आली तरी ती वरून दिसत नाहीं, आणि सूज उतरल्यावर मागें राहिलेली उणीवहि दिसत नाहीं. मेंदूच्या तापांतून उठलेलें मूल कांहीं महिन्यांनीं पुन्हां शाळेंत येतें तेव्हां त्याचा चेहरा पूर्वीचाच असतो. म्हणून घरच्यांस, शिक्षकांस व सोबत्यांस वाटतें कीं, आजार संपला. पुष्कळदां तो संपलेला नसतो. कवटीच्या आंत पाहण्याची विद्या मनुष्यानें कशी मिळविली, त्या विद्येनें काढलेलें चित्र मुलाच्या पुढील आयुष्याविषयीं काय सांगतें, आणि जें चित्रांत दिसत नाहीं तें कोणीं पाहावयाचें, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मेंदूदाह म्हणजे काय?

मेंदूच्या मूळ द्रव्याचा जो दाह होतो त्यास मेंदूदाह म्हणतात. बोलण्यांत आपण मेंदूज्वर म्हणतों. मेंदूभोंवतीं जीं पातळ आवरणें असतात त्यांचा दाह हा निराळा रोग होय. मात्र दोन्ही रोग कधीं कधीं एकाच वेळीं होतात. मेंदूदाहाचीं मुख्य कारणें दोन. पहिलें कारण विषाणु. हे इतके सूक्ष्म असतात कीं, साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रांतून ते दिसत नाहींत. डासांच्या चाव्यानें पसरणारा जपानी मेंदूज्वराचा विषाणु, ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणु व गोंवराचा विषाणु हे ह्या वर्गांत मोडतात. दुसरें कारण शरीराची स्वतःची संरक्षक शक्ति. परक्या जंतूंवर चालून जाण्याऐवजीं ती कधीं कधीं आपल्याच मेंदूच्या पेशींवर चालून जाते. राखणदारानें अंधारांत घरच्या धन्यालाच काठी मारावी, तसा हा प्रकार होय.

ताप, डोकेंदुखी, ओकाऱ्या, गुंगी, आकडी, असंबद्ध बोलणें व वागण्यांत एकाएकीं पडलेला फरक हीं ह्या रोगाचीं लक्षणें आहेत. दुसऱ्या प्रकारांत ताप अगदीं थोडा असूं शकतो किंवा नसतोहि. मूल केवळ भ्रमिष्टासारखें वागूं लागतें, आणि मग घरचीं माणसें दृष्ट, बाधा असा तर्क करीत बसतात. मूल ओळखीचीं माणसें ओळखेनासें झालें, झोपेंतून नीट जागें होईना किंवा त्यास आकडी आली तर अंगाऱ्याधुपाऱ्यांत एक तासहि न दवडतां रुग्णालय गांठावें. ह्या रोगांत गेलेला वेळ परत मिळत नाहीं.

आपल्या देशांतील स्थिति

हा रोग आपल्यापासून दूर नाहीं. जपानी मेंदूज्वराचें नांव जपानवरून पडलें. परंतु भारतांत त्याचे रुग्ण प्रथम १९५५ सालीं तामिळनाडूंतील वेल्लोर भागांत ओळखले गेले. ह्याचा विषाणु डुकरांत व बगळ्यांसारख्या पाणथळ पक्ष्यांत वाढतो, आणि भातखाचरांत पैदा होणारे डास तो मनुष्यापर्यंत आणतात. २००५ सालीं उत्तर प्रदेशांत गोरखपूरच्या आसपास मोठी सांथ आली. तींत ५,००० हून अधिक लोक आजारी पडले व १,३०० हून अधिक दगावले. त्यांत मुलांचाच भरणा फार मोठा होता. ह्या सांथीनंतर २००६ सालापासून रोगग्रस्त जिल्ह्यांतील मुलांस लस टोचण्याची मोहीम सरकारनें हातीं घेतली. विदर्भांतील कांहीं जिल्ह्यांतहि ही लस देण्यांत येते.

दुसरा विषाणु तर आपल्या महाराष्ट्राचेंच नांव धारण करतो. १९६५ सालीं नागपूरजवळील चांदीपुरा येथील तापकऱ्यांच्या रक्तांत पुण्याच्या विषाणु-संशोधन संस्थेस एक नवा विषाणु सांपडला. त्यास चांदीपुरा विषाणु असेंच नांव पडलें. २००३ सालीं आंध्र प्रदेशांतील सांथींत ३२९ मुलें आजारी पडलीं व त्यांपैकीं १८३ दगावलीं. २०२४ सालीं गुजरातेंत तो पुन्हां दिसला. डासाहून लहान अशी वाळूमाशी तो पसरविते; ती मातीच्या भिंतींच्या भेगांत व गुरांच्या गोठ्याजवळ राहते.

मृतांची संख्या वर्तमानपत्रांत छापून येते. जीं मुलें वाचतात त्यांची कथा मात्र सहसा छापली जात नाहीं. जपानी मेंदूज्वरानें गंभीर आजारी पडून वाचलेल्यांपैकीं शेंकडा ३० ते ५० जणांत कांहींना कांहीं कायमची उणीव राहते, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला विषय ह्याच वाचलेल्या मुलांचा आहे. आणि त्यांच्याविषयींचा विचार प्रथम कसा सुरू झाला हें पाहण्यासाठीं आपणांस शंभर-सवाशें वर्षें मागें, अमेरिकेंत जावें लागेल.

एका मुलीच्या दुखण्यांतून उभें राहिलेलें रुग्णालय

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड संस्थानांतील जॉर्ज ब्रॅडली व हेलन ब्रॅडली ह्या धनिक दांपत्यास एमा नांवाची एकुलती एक मुलगी होती. सातव्या वर्षीं तिला मेंदूदाह झाला. जीव वाचला, परंतु फेफरें, हालचालींतील पंगुत्व व बुद्धीचें मांद्य हीं जन्माचीं सोबती झालीं. आईबापांनीं पुष्कळ वैद्य पाहिले. पैसा होता, पण अशा मुलांची पुढील शुश्रूषा करणारें ठिकाणच नव्हतें. तेव्हां त्यांनीं असें ठरविलें कीं, आपल्या मागें आपली संपत्ति अशाच मुलांच्या रुग्णालयास लागावी. जॉर्ज ब्रॅडली १९०६ सालीं वारले, आणि १९३१ सालीं ईस्ट प्रॉव्हिडन्स येथें एमाच्या नांवानें तें रुग्णालय उघडलें. केवळ मुलांच्या मनोविकारांसाठीं असलेलें अमेरिकेंतील तें पहिलें रुग्णालय होय, आणि तें आजहि चालू आहे.

मधल्या काळांत जगावर एक विचित्र सांथ येऊन गेली होती. व्हिएन्ना येथील डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो ह्यांनीं १९१७ सालीं तिचें वर्णन केलें. हिच्यांत रुग्णास विलक्षण झोंप येई, म्हणून तिला निद्राळू मेंदूदाह म्हणत. सुमारें दहा वर्षें धुमाकूळ घालून ती ओसरली. तिच्यांतून वाचलेल्या पुष्कळ मुलांच्या स्वभावांत मोठा पालट झाला. पूर्वीं शांत व प्रेमळ असलेलीं मुलें रात्रभर जागूं लागलीं, मारामाऱ्या करूं लागलीं, खोटें बोलूं व चोरीहि करूं लागलीं. त्यांस मार बसला, शाळेंतून काढण्यांत आलें, कांहींस न्यायाधीशापुढेंहि उभें केलें. हळूहळू डॉक्टरांच्या ध्यानांत आलें कीं, हा दुष्टपणा नसून मेंदूस झालेल्या जखमेचा परिणाम आहे. लंडनच्या उत्तरेस विंचमोर हिल येथील रुग्णालयांत १९२५ सालीं अशा मुलांकरितां स्वतंत्र विभाग काढावा लागला. शिक्षेनें जखम बरी होत नाहीं, हा धडा त्या पिढीनें फार मोठी किंमत देऊन शिकला.

हवा भरून काढलेलें चित्र

कवटीच्या आंतील जखम डोळ्यांनीं पाहतां यावी, ही इच्छा वैद्यांस स्वाभाविकच होती. १८९५ सालीं जर्मनींत राँटजेन ह्यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला. परंतु त्या किरणांनीं हाड स्पष्ट दिसे, मेंदू दिसत नसे. कारण मेंदू व त्याच्या पोकळ्यांतील पाणी ह्यांची छाया जवळजवळ सारखीच पडते. १९१९ सालीं बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी ह्यांनीं एक युक्ति प्रसिद्ध केली. पाठीच्या कण्यांत सुई घालून तेथील पाणी काढावयाचें, त्याच्या जागीं हवा सोडावयाची, व ती मेंदूच्या पोकळ्यांत चढली म्हणजे क्ष-किरणांनीं चित्र घ्यावयाचें. पोकळ्यांचा आकार बिघडलेला दिसला तर आंत कांहीं दोष आहे, असें अनुमान निघे. युक्ति बुद्धिमत्तेची होती, परंतु रुग्णास त्यानंतर कित्येक दिवस असह्य डोकेंदुखी होई.

एमाच्या रुग्णालयांत त्याच घराण्यांतील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली हे काम पाहत. ते मुलांचीं अशीं चित्रें घेत. डोकेंदुखीचें कारण काढून घेतलेलें पाणी असावें, असें समजून तें पाणी लवकर भरून येण्यासाठीं त्यांनीं मुलांस बेंझेड्रिन नांवाचें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. डोकेंदुखी कांहीं थांबली नाहीं. पण रुग्णालयाच्या शाळेंतील शिक्षकांनीं एक चमत्कारिक गोष्ट कळविली: कांहीं मुलें एकाएकीं लक्ष देऊन अभ्यास करूं लागलीं होतीं! तेव्हां ब्रॅडली ह्यांनीं ३० मुलांस तें औषध देऊन नीट निरीक्षण केलें. सुमारें अर्ध्या मुलांच्या अभ्यासांत ठळक सुधारणा दिसली. १९३७ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. मुलांनीं त्या औषधास ‘गणिताच्या गोळ्या’ असें नांव दिलें होतें. लक्ष न टिकणाऱ्या मुलांवरील पुढच्या काळांतील उपचारांचा पाया येथें घातला गेला. अर्थात् अशीं औषधें तज्ज्ञांच्या सल्ल्यावांचून कधींहि घेऊं नयेत.

ह्या प्रसंगांत एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मुलांस इतका त्रास देऊन जें चित्र काढलें त्यापेक्षां त्या वेळीं अधिक उपयोगी ठरलें तें वर्गांतील शिक्षकाचें निरीक्षण.

आजचीं यंत्रें

आज हवा भरून चित्र काढण्याची पद्धति राहिलेली नाहीं. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत गॉडफ्री हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्रानें एका रुग्णाच्या मेंदूचें पहिलें सीटी स्कॅन काढण्यांत आलें. ह्यांत क्ष-किरण डोक्याभोंवतीं फिरून अनेक बाजूंनीं टाकतात, आणि गणितयंत्र त्या सर्व छायांचा मेळ घालून मेंदूचे आडवे काप कागदावर मांडतें. कलिंगड न कापतां त्याच्या फोडी दिसाव्या, तसें हें होय. ह्या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक ह्यांस १९७९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. सीटी स्कॅन कांहीं मिनिटांत होतें. रक्तस्राव किंवा मोठी सूज त्यांत तत्काळ दिसते. मेंदूदाहाच्या पहिल्या दिवसांत मात्र तें पुष्कळदां निर्दोष येतें.

त्याहून सूक्ष्म चित्र एम. आर. आय. ह्या यंत्रानें मिळतें. ह्यांत क्ष-किरण मुळींच नसतात. आपल्या शरीरांत पाणी पुष्कळ असतें, आणि पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु असतात. ह्या अणूंचा गाभा लहानशा चुंबकसूचीसारखा वागतो. रुग्णालयांत नेहमीं वापरलें जाणारें दीड टेस्ला शक्तीचें यंत्र पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारें ३०,००० पट बलवान असतें. त्यांत शिरल्यावर ह्या सूच्या एका दिशेस वळतात. रेडिओच्या लहरींनीं त्यांस हलकासा धक्का दिला म्हणजे त्या कलतात, आणि पुन्हां जागेवर येतांना अल्पशी लहर परत पाठवितात. निरोगी भाग व सुजलेला भाग ह्यांतील पाणी सारखें नसतें, म्हणून त्यांच्याकडून येणारी लहरहि निराळी असते. त्या फरकावरून चित्र तयार होतें, आणि एका प्रकारच्या चित्रांत सुजलेला भाग पांढरा चमकतो. पॉल लॉटरबर ह्यांनीं १९७३ सालीं अशा रीतीनें काढलेलें पहिलें चित्र प्रसिद्ध केलें. त्यांस व पीटर मॅन्सफील्ड ह्यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

ही तपासणी दुखत नाहीं. परंतु यंत्राचा ठकठक आवाज फार मोठा असतो आणि अर्धा तास वा अधिक वेळ अगदीं स्तब्ध पडून राहावें लागतें. म्हणून लहान मुलांस पुष्कळदां झोपेचें औषध देतात. अंगावर किंवा शरीरांत कोणताहि धातु असल्यास तो आधीं सांगणें अत्यंत अवश्य आहे.

चित्र काय सांगतें

मेंदूच्या कोणत्या भागास इजा झाली हें कळलें म्हणजे रोगाचें मूळ व पुढील धोका ह्यांविषयीं अनुमान करतां येतें. जपानी मेंदूज्वरांत मेंदूच्या मध्यभागीं असलेल्या थॅलॅमस नांवाच्या दोन पुंजक्यांवर बहुधा डाग दिसतात. सर्व शरीराकडून येणारे निरोप येथून पुढें जातात. रेल्वेच्या मोठ्या जंक्शनासारखी ही जागा आहे. जवळचे हालचालींवर ताबा ठेवणारे भागहि ह्या रोगांत सांपडतात. म्हणूनच अशा मुलांचे हातपाय ताठ होतात, कांपतात, किंवा चेहरा भावशून्य दिसतो.

हर्पीसच्या मेंदूदाहांत कानांच्या वरच्या बाजूस असलेला मेंदूचा भाग सुजतो. तेथेंच हिप्पोकॅम्पस नांवाचा अवयव आहे. नव्या गोष्टी स्मरणांत सांठविण्याचें काम त्याचें. म्हणून ह्या रोगांतून उठलेल्या रुग्णास जुन्या आठवणी असून सकाळचा धडा संध्याकाळीं आठवत नाहीं. ह्या रोगावर असायक्लोव्हिर हें औषध आहे. ज्या प्रयोगशाळेंतून तें निघालें तेथील विदुषी गर्ट्रूड एलियन ह्यांस १९८८ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. औषधावांचून ह्या रोगानें शेंकडा सुमारें ७० रुग्ण मरत. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील परीक्षेंत असायक्लोव्हिर घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा २८ वर आलें. औषध जितकें लवकर, तितका लाभ अधिक. म्हणून संशय येतांच, चित्राची वाट न पाहतां, डॉक्टर तें सुरू करतात.

चित्र काय सांगत नाहीं

आतां दुसरी बाजू पाहूं. २००७ सालीं डॉक्टर जोसेफ डालमाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूदाहाचा एक नवा प्रकार ओळखला. ह्यांत शरीराची संरक्षक शक्ति मेंदूच्या पेशींवरील निरोप घेणाऱ्या एका विशिष्ट द्वारावर हल्ला करते. मूल बरळतें, झोपत नाहीं, तोंडाच्या व हातांच्या विचित्र हालचाली करतें, पुढें बोलेनासें होतें. कित्येकदां त्यास श्वासासाठींहि यंत्राचा आधार द्यावा लागतो. इतका भयंकर आजार असूनहि अर्ध्याहून अधिक रुग्णांचें एम. आर. आय. चित्र निर्दोष असतें! पेशी मेलेल्या नसतात; त्यांचीं द्वारें नाहींशीं झालेलीं असतात. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासांत २११ जण १८ वर्षांखालील होते. उपचार मिळालेल्या रुग्णांची सुधारणा आजारानंतर १८ महिन्यांपर्यंत चालूच होती. आणि दोन वर्षांनंतर ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकीं शेंकडा ८१ जण चांगल्या स्थितींत होते. तिसऱ्या महिन्यांत धीर सोडून ज्यांनीं मुलाची आशा टाकली असती, त्यांनीं किती मोठी चूक केली असती!

उलट प्रकारहि घडतो. एखाद्या चित्रांत स्पष्ट डाग असून मूल चांगलें सावरतें; तर एखाद्याच्या दुसऱ्या चित्रांत डाग पुसट झाले असूनहि त्याचें लक्ष व स्मरण लंगडेंच राहतें. ह्याचा अर्थ चित्र निरुपयोगी आहे असा नाहीं. दोन्ही थॅलॅमसवर मोठे डाग असणें किंवा मेंदूचा बराच भाग मृत झालेला दिसणें ही काळजीची गोष्ट आहे, आणि डॉक्टर ती तशी सांगतात. परंतु ती शक्यता अनेक मुलांच्या अनुभवावरून काढलेली असते. चित्रांत त्या दिवसाची जखम उमटते. मूल पुढें किती चालेल, किती शिकेल, कसें हंसेल हें त्यांत उमटलेलें नसतें.

मेंदू कसा सावरतो

मेंदूचें सावरणें टप्प्याटप्प्यानें होतें. पहिल्या आठवड्यांत सूज उतरते, आणि तिच्या दाबाखालीं गप्प झालेल्या पेशी पुन्हां कामास लागतात. ही सुधारणा झपाट्याची असल्यामुळें घरच्यांस मोठा आनंद होतो. त्यानंतरची गति मंद असते. मेलेल्या पेशी बहुतांशीं परत येत नाहींत. पण शेजारच्या पेशी नवे जोड घालून गेलेल्या पेशींचें कांहीं काम उचलतात. मुख्य रस्ता खचला म्हणजे लोक शेतांतून पायवाट पाडतात, आणि नित्याच्या वहिवाटीनेंच ती रुंद होते. मेंदूंतील नवी वाटहि अभ्यासानेंच रुंद होते, व त्यास महिने आणि वर्षें लागतात.

लहान वयांत हें अधिक सोपें जातें कीं काय? १९३६ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या मार्गारेट केनार्ड ह्यांनीं दाखविलें कीं, मेंदूच्या हालचालींच्या भागास इजा झालेलीं माकडाचीं पिलें मोठ्या माकडांहून चांगलीं सावरतात. त्यावरून लहान मुलें नेहमींच पूर्ण बरीं होतात, असा समज पसरला. पुढील अनुभवानें तो अपुरा ठरला. मुलाचा मेंदू अजून बांधला जात असतो. विचार, संयम व योजना ह्यांचा पुढचा भाग तर विशीनंतरपर्यंत पक्व होत असतो. पाया खचला असतां पहिला मजला उभा राहतो, पण दुसऱ्या मजल्याचें ओझें पडल्यावर भिंतीस तडा जातो. म्हणून पांचव्या वर्षीं आजारी पडलेलें मूल पहिली-दुसरींत ठीक दिसतें, आणि सातवी-आठवींत धडे मोठे व विषय कठीण झाल्यावर अडखळूं लागतें. तेव्हां तें आळशी झालें असा दोष देण्यापूर्वीं जुन्या आजाराची आठवण करावी.

घर व शाळा ह्यांचें कर्तव्य

चित्र जेथें थांबतें तेथून पुढचें काम आईबाप, शिक्षक व सोबती ह्यांचें आहे. तें थोडक्यांत असें.

पहिलें, आजाराचे सर्व कागद व चित्रें जपून ठेवावीं, आणि मूल बरें दिसलें तरी डॉक्टरांनीं सांगितलेल्या वेळीं त्यास दाखवीत राहावें. डोळे व कान अवश्य तपासून घ्यावे. ऐकूं न येणारें मूल पुष्कळदां ऐकत नाहीं म्हणून मार खातें.

दुसरें, आकडीचें औषध आपल्या मनानें बंद करूं नये. वर्गांत कोणास आकडी आली तर त्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कांहीं द्यावें, गळ्याजवळचे कपडे सैल करावे. तोंडांत चमचा, बोट किंवा पाणी घालूं नये. कांदा वा चप्पल हुंगवूं नये. हातपाय दाबून धरूं नयेत. पांच मिनिटांत आकडी थांबली नाहीं तर तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

तिसरें, थकवा खरा असतो हें ओळखावें. बरें होत असलेल्या मेंदूस साध्या कामासहि अधिक श्रम पडतात. प्रथम अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. एकदम लांब धडा देण्यापेक्षां त्याचे लहान तुकडे. तोंडी सांगितलेलें फळ्यावर व वहींतहि लिहून देणें. गोंगाटापासून दूर, पुढच्या बाकावर जागा, ह्या साध्या उपायांनीं मोठा फरक पडतो.

चौथें, रागाचे झटके, रडें, उतावळेपणा हीं आजाराचीं अवशिष्ट लक्षणें असूं शकतात. शिस्त असावी, पण ती शांत व ठराविक असावी. विंचमोर हिलच्या मुलांची कथा येथें आठवावी.

पांचवें, २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें मज्जासंस्थेच्या दीर्घ विकारांस व अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे. सरकारी रुग्णालयाचें प्रमाणपत्र घेतल्यास परीक्षेंत अधिक वेळ व इतर सवलती मिळूं शकतात. त्या मागण्यांत कमीपणा मानूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमचें काम सर्वांत सोपें आणि सर्वांत मोलाचें आहे. जो सोबती शब्द शोधतांना थांबतो, त्याचें वाक्य घाईनें तुम्हीच पुरें करूं नका. त्याच्या चालण्याची नक्कल करूं नका. खेळांत त्याला गडी म्हणून घ्या. धांवतां येत नसेल तर गुण मांडण्यास सांगा. चुकलेला धडा त्याच्याजवळ बसून पुन्हां वाचा. दुसऱ्यास शिकवितां शिकवितां तुमचाहि तो पाठ होईल.

पालकहो, रोग न होऊं देणें हेंच सर्वांत उत्तम. गोंवराची व आपल्या जिल्ह्यांत दिली जात असल्यास जपानी मेंदूज्वराची लस मुलांस वेळेवर टोंचवावी. घराभोंवतीं पाणी सांचूं देऊं नये, भिंतींच्या भेगा लिंपाव्या, मुलांस मच्छरदाणींत निजवावें, डुकरें वस्तीपासून दूर ठेवावीं.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकली आहे. रस्त्यांत पडलेल्या जखमी मनुष्याच्या जखमा त्यानें बांधल्या, एवढ्यावरच तो थांबला नाहीं. त्यानें त्यास उतारशाळेंत नेलें, दुसऱ्या दिवशीं त्याच्या खर्चासाठीं नाणीं दिलीं, आणि परत येतांना उरलेला खर्चहि फेडीन असें सांगितलें. पहिल्या दिवसाची मदत पुष्कळ लोक करतात. दुसऱ्या दिवसाची आठवण ठेवणारे थोडे असतात. मेंदूदाहांतून वाचलेल्या मुलास ह्या दुसऱ्या दिवसाच्या मदतीची गरज असते, आणि त्याचा तो दुसरा दिवस कधीं कधीं दहा वर्षें चालतो. त्या काळांत त्याच्या शेजारच्या बाकावर आपणांपैकींच कोणीतरी बसलेला असेल.